काठावरचा वाटा

वहिनी, काल तुझी तेरवी झाली आणि गावानं तुला देवी करून टाकलं. मंडपात एकेक जण उठून घसा खाकरत होता आणि सांगत होता, की पंचफुलाबाई म्हणजे त्यागमूर्ती, पंधरा वर्षं लेकराला तळहाताच्या फोडासारखं जपलं, पण कधी कोणापाशी तक्रार केली नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तसं. तक्रार केली नाही म्हणे! तू? मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष तुला दारात उभी पाहून दुसऱ्या गल्लीनं जायचे, ते काय तुझ्या मौनाला घाबरून? काल तू तिथे असतीस तर पदर खोचून उठली असतीस आणि भर मंडपात विचारलं असतंस, "तवा कुठी होते जी तुमी सारे?" तू नव्हतीस म्हणूनच त्यांना इतकं गोड बोलता आलं.

आज संध्याकाळी तुझ्याच ओसरीवर बसून हे लिहिते आहे. तुझी मयुरी शेजारच्या खाटेवर जेवून निवांत पडली आहे. माझं लिहिणं तुला नेहमीच मास्तरणीची खोड वाटायची, ठाऊक आहे मला. पण राग डोक्यात मावत नाही, आणि तो गावावर काढायच्या आधी तुझ्यापाशी काढलेला बरा.

आपण दोघी एका वयाच्या. तू वैनगंगेपल्याडच्या माहेराहून माझ्या भावाच्या घरी आलीस, पहिल्याच दिवशी माझ्या आईच्या हातचा माशाचा रस्सा चाखलास आणि "मीठ कमी आहे" म्हणालीस. मला तू तेव्हाच आवडलीस. पुढे मी राजुऱ्याला शाळेत नोकरीला लागले, पण सुट्टी लागली की इकडेच यायची. मी तुला पहिल्यापासून तू म्हणत आले आणि तू मला शेवटपर्यंत बाई आणि तुमी. भांडतानासुद्धा. "तुमी येड्या आहा बाई," असं आदरानं सांगणारी माझ्या आयुष्यात तू एकटीच.

मयुरी जन्मली तेव्हा बराच वेळ रडलीच नाही. पुढे तिचे हातपाय ताठ राहिले, मान धरायला वर्षं लागली, बोलणं आलंच नाही, मधूनमधून फिट यायची. "त्या पोरीले काई समजत नाई," असं लोक तिच्या तोंडासमोर बोलायचे. समजतं की. बायका भांडायला लागल्या की तिला हसू फुटतं. भांडण जितकं मोठं तितकं तिचं हसणं मोठं, इतकं की भांडणारणींना लाज वाटून त्या गप्प बसतात. तू म्हणायचीस, "आमच्या मोहल्ल्यातला तंटा हेच मिटवते."

गावाचं मला कौतुक होतं वहिनी, खोटं कशाला बोलू. तलाव जुना आणि त्यातली वाटणीही जुनी. सोसायटीचं मोठं जाळं वर्षभर मधूनमधून पडतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की जास्तच, आणि जेवढे ओढणारे तेवढे मासळीचे ढीग तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, लागतात. त्यात एक ढीग काठावरचा. पाण्यात उतरलेल्यांचे कपडे, डबे, चपला राखत जो दिवसभर काठावर बसतो, त्याचा वाटा. पाय न भिजवता मिळणारा. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्या आज्यापासून कोणी मोडलेलंही नाही. राखण करणं हेसुद्धा काम आहे, एवढी समज आमच्या लोकांना होती.

त्या समजेला तू बरोबर जागेवर पकडलंस. मयुरीच्या आधी तू जाळं ओढायचीस, बाजारात मासे विकायचीस, गिऱ्हाइकाला तोंडात मारल्यासारखी उत्तरं द्यायचीस. मयुरी झाली आणि तू घरात बांधली गेलीस. ती सात-आठ वर्षांची असताना सोसायटीची सभा देवळासमोर भरली. तू तिला कडेवर घेऊन गेलीस आणि पुरुषांच्या मधोमध सतरंजीवर निजवलंस. भाऊ मला नंतर हे सांगताना अजून घाबरलेला होता.

"काठावर कपडे राखते त्याले वाटा देता न जी?" तू विचारलंस.

"देतो न बाई. आजपासून का देऊन राह्यलो?" अध्यक्ष म्हणाले.

"मंग लेकरू राखते तिले काऊन नाई? तुमच्या चपलेपेक्षा हलकी आहे का माही पोरगी?"

त्यांना वाटलं, तू स्वतःसाठी मागते आहेस. कोणी म्हणालं, देऊन टाका, गरीब आहे. तेव्हा तू चिडलीस. "मले नको. जे बाई त्या दिवशी मयुरीपाशी बसन, तिले द्या. माहा वाटा मी पाण्यात उतरून घेईन." म्हाताऱ्या माणसांना ते पटलं. रीतीबाहेरचं काही नव्हतंच त्यात.

अशी मयुरीची बारी सुरू झाली, म्हणजे तिच्यापाशी बसायच्या पाळ्या लागल्या. पहिली आली वच्छलाबाई, आपल्या शेजारची, जिचं आणि तुझं सांडपाण्यावरून बारा महिने वाजायचं. ती आली वाट्यासाठी, मयुरीसाठी नव्हे, आणि तुला तेच बरं वाटलं. तू तिला शिकवलंस: मान उचलून धरायची, चमचा बाजूनं द्यायचा, गिळल्याशिवाय दुसरा घास नाही; फिट आली तर चप्पल हुंगवायची नाही, कांदा फोडायचा नाही, नुसतं कुशीवर वळवायचं आणि जवळ बसायचं. हळूहळू मोहल्ल्यातल्या निम्म्या बायकांना हे येऊ लागलं. वच्छलाबाई तर ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडायची आणि खाटेवर मयुरीचा आनंद मावायचा नाही. मी एकदा सुट्टीत आले तर तू घरी नव्हतीस. बाजारात मासे विकत होतीस, चिखलानं पाय भरलेले, आवाज बसलेला. तुझं तसं रूप मला किती वर्षांनी दिसलं होतं.

त्याच दिवसांत तुला तो सत्कार चिकटला. तालुक्याच्या कुठल्याशा मंडळानं दिव्यांग दिनाला आदर्श माता म्हणून तुझं नाव काढलं. मी पण हौसेनं आले. कार्यक्रम कुठे, तर वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, आणि वर जायला उभा जिना. दोन कार्यकर्ते पुढे आले, धानाचं पोतं उचलावं तसं मयुरीला उचलायला. तू त्यांचे हात बाजूला केलेस आणि खाली पायरीवरच बसलीस. वर भाषणं चालली होती, समाजानं अशा बालकांना सामावून घेतलं पाहिजे वगैरे. शेवटी शाल खाली आली, पाहुणे खाली आले, फोटोवाला मयुरीची हनुवटी धरून म्हणाला, "बेटा, हस." तू त्याचा हात खाली केलास. "तिले हसू आलं म्हंजे हसते ते. बाहुली नोहे," म्हणालीस, आणि पाहुण्यांना शांतपणे सांगितलंस, "पुढच्या साली खालीच ठेवजा जी कारेक्रम." पुढच्या साली त्यांनी कार्यक्रम वरच ठेवला आणि जिना चढू शकेल अशा लेकराची आई शोधली. आपण दोघी त्यावर किती हसलो होतो. आता मला त्यात काडीचंही हसू येत नाही.

मग ती नवी कार्यकारिणी आली. अध्यक्ष जुनेच, पण भोवती तरणी पोरं, मनानं चांगली. खरंच चांगली, म्हणून तर राग येतो. त्यांना वाटलं, पंचफुलाबाईंनी कशाला रोज कोणाच्या पाया पडावं? त्यांनी ठराव केला की मयुरीचा वाटा थेट तुमच्या घरी पोचवायचा. दर जाळ्याला. कोणी बसो न बसो. टाळ्या झाल्या. पहिल्या खेपेला घमेलंभर मासे दाराशी आले आणि बारीला मात्र कोणी आलं नाही.

तू ते घमेलं तसंच उचलून अध्यक्षांच्या अंगणात नेऊन ठेवलंस. "मले मासे नको. मानूस पाह्यजे."

"बाई, लोकं तुमाले देऊन राह्यले अन तुमी लाथ मारून राह्यल्या?"

"तुमी माही बाई काढून घेतली जी. तिच्या जागी हे घमेलं पाठवलं."

त्यांना कळलं नाही. भल्या माणसाला त्याचं भलेपण चुकलं म्हणून सांगितलं तर त्याला ते कधीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की पंचफुलाला माज आला. आणि मासे येतच राहिले, कारण ठराव झाला होता. माझा भाऊही ते घेत राहिला. "चालून आलेल्या अन्नाले कोन नाई म्हनते?" म्हणायचा. तू ते शिजवायचीस आणि स्वतः चटणीशी भात खायचीस. त्या दिवसांत आले तेव्हा तुझं ते ताट मी पाहिलं.

आपलं मोठं भांडण त्याच सुमारास झालं. मागच्या अंगणात तू मासे साफ करत होतीस, मी राख पुढे करत होते. मी म्हटलं, मयुरीला शहरातल्या निवासी शाळेत ठेवू. मी जाऊन पाहून आले होते. जागा स्वच्छ होती, काम करणाऱ्या बायका मायेच्या होत्या, मी त्यांना आजही नावं ठेवणार नाही. तू मान वर केली नाहीस.

"तिथी तिले चारतीन, धुतीन, सारं करतीन. पन तिले कोनाची म्हनतीन? इथी कोनी बी ओसरीपासून गेलं तं म्हनते, पंचफुलाची मयुरी."

"आणि तू गेलीस तर?" मी विचारलं.

"तवा बी पंचफुलाचीच न?"

मी म्हटलं, गाव नावानं हाक मारेल आणि पुढे जाईल; नावानं कोणाचं अंग धुतलं जात नाही. तू हातातला विळा आपटलास. मग माझी बस आली आणि मी पिशवी उचलली. वहिनी, ते भांडण अजून तसंच पडलं आहे. कोण बरोबर होतं मला आजही सांगता येत नाही. तू असतीस तर आज पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं असतं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तुला अंगावरून रक्त जायला लागलं होतं. पाळी थांबून गेलेली बाई, तुला कळलं नसेल असं नाही. आशाताईला तू सांगितलंस, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चंद्रपूरला जाऊन तपासणी करायला सांगितली. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं यायचं. मयुरी पंधरा वर्षांची, आता कडेवर मावत नव्हती, आणि तिला घेऊन बसमध्ये चढलीस की लोक जागा द्यायच्या आधी सल्ला द्यायचे. बापापाशी ठेवावं, तर वयात आलेल्या पोरीचं धुणंपुसणं बापानं कसं करायचं, हा प्रश्न घरात कोणी मोठ्यानं विचारलाच नाही. भाऊ गिरणीवर हमाली करतो, दिवसभर धानाच्या बोरीमागून बोरी उचलतो. लेकीचं अंग पुसायचं म्हटलं की त्याचे हात गळतात. "करेल ना, आई आहे ती." हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं त्याला एकदा तरी रात्रंदिवस कोणाची तरी आई करून ठेवायला हवं.

तू बायकांना विचारलंस. कोणाची धानाची रोवणी होती, कोणाचं निंदण. आणि एकीनं तोंडावर सांगितलं, "वाटा तं तुमच्याच घरी येते न बाई? मंग आमी फुकट काऊन बसू?" तिचं चुकलं असंही म्हणता येत नाही. ज्या दिवशी वाटा दारात पोचवायचं ठरलं, त्याच दिवशी तिच्या बसण्याची किंमत संपली होती. रोवणी गेली, धान कापून झालं, दिवाळी झाली, आणि तू जातच नव्हतीस.

आणि मला फोनवर काय सांगायचीस? "बरी आहो बाई. तुमी कशा आहा?" मी तुझ्यावर रागावले आहे वहिनी. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावले आहे. एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी शाळेला कुलूप लावून आले असते. तुला वाटलं असेल, बाई पुन्हा निवासी शाळेचं काढतील. काढलं असतं. भांडलोही असतो. पण तू बसमध्ये बसली असतीस.

तू घरात कोसळलीस तेव्हा कुठे चंद्रपूरला जायला गाडी झाली आणि मला फोन आला; मी थेट दवाखान्यातच पोचले. तिथल्या डॉक्टरांनी कागद चाळले आणि भावाला विचारलं, आधी का नाही आणलं? तू खाटेवरून म्हणालीस, "साहेब, पोरगी कोन पाहत होतं, तुमची बायको?" नर्स हसली, डॉक्टर ओशाळले, आणि मला एक क्षण वाटलं की तू यातून उठशील. अशी तोंडाळ बाई मरत नाही, असं मला वाटलं होतं.

तर कालची गोष्ट. तारीफ संपल्यावर अध्यक्ष उठले आणि त्यांनी जाहीर केलं, की पंचफुलाबाईंच्या स्मरणार्थ मयुरीचा वाटा तिच्या दारी जन्मभर पोचवला जाईल. लोकांनी माना डोलावल्या. बायकांनी डोळे पुसले. मी बायकांत बसले होते, तिथून उठून पुढे गेले. शाळेत मी प्रमाण मराठी शिकवते, पण राग आला की माझ्या तोंडात गावच येतं.

"मासे नको आमाले. उद्या जाळं पडून राह्यलं न? मयुरीपाशी कोन बसते ते सांगा."

"तुमी आहा न बाई."

"मी राजुऱ्याले गेली म्हंजे?"

भावानं माझा हात ओढला. "सोड न सुनंदा. ठेवून देऊ तिले त्या निवासी शाळेत. तूच तं म्हनत होती." आणि वहिनी, तू पाहायला हवं होतंस. सगळ्या मंडपाच्या चेहऱ्यावर एकदम सुटका आली. अध्यक्ष म्हणाले, हे बेस होईल, पोरीची सोय होईल. माझंच बोलणं माझ्या तोंडावर आलं आणि मला ते कडू लागलं.

मी म्हटलं, "ते गेली तं तिच्या भल्यासाठी जाईन. तुमची कटकट गेली म्हनून नाई." मग मी सांगितलं, की आजपासून काठावरचा वाटाही बंद करा, कपडे राखायला माणूस कशाला हवा, एक घमेलं ठेवा कपड्यांपाशी. पोरं हसली. एक म्हातारे होते ते हसले नाहीत, त्यांनी बुंदीची वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहत राहिले. ठराव काही झाला नाही. पंगत उठली, लोक हात धुऊन घरी गेले. मी मंडपाच्या खांबाला टेकून रडले, दुःखानं नाही, नुसत्या संतापानं.

आज सकाळी मी मयुरीला भरवायला बसले होते. तिचा घास अडकत होता, माझा हात तुझ्यासारखा बसत नाही. तेवढ्यात वच्छलाबाई आली. हातात तिचा स्वतःचा पाण्याचा गडवा. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"उठा जी बाई. चमचा असा समोरून खुपसते का कोनी? जीव घ्यान पोरीचा." माझ्या हातातून ताटली काढून घेतली. "जा तुमी तलावावर. माही बारी आहे आज."

"कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? कालचा तो म्हातारा घरी येऊन गेला. वाटा बसनारीले, म्हने. जा आता, ऊन होईन."

मी गेले. पाळीवर जाऊन उभी राहिले. जाळं ओढलं गेलं, रोहू-कतला पाण्याबाहेर उसळले, ढीग लागायला लागले. वाटणाऱ्यानं शेवटचा ढीग लावून विचारलं, "हा कोनाचा?" कोणीतरी मान न वळवता म्हणालं, "वच्छलाबाईचा. मयुरीपाशी आहे न ते." आणि पुढचं काम सुरू झालं. कोणी भाषण केलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. तुझं नावसुद्धा कोणी काढलं नाही.

मी तिचा ढीग घरी आणला, तो पाहून वच्छलाबाईनं ओसरीवरूनच आवाज चढवला. "येवढेच? अन कतला एक बी नाई? लेकरू राखलं मी दिवसभर, झाडू नाई मारला." मयुरी खदखदून हसत होती. वच्छलाबाईनं मासे टोपलीत भरले, पदर झटकला आणि जाताना मला बजावलं, की रात्री तिच्या डाव्या कुशीला उशी ठेवा. मयुरीला ती एकदाही बिचारी म्हणाली नाही. तिचे आभार मानायचे माझ्याकडून राहून गेले, आणि तिलाही ते नकोच होते.

ती गेल्यावर मी इथे बसले. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण घडीभरच, मग ही वही ओढली. कारण मला दिसलं की हे केवढं होतं. सकाळच्या बसपासून संध्याकाळच्या बसपर्यंत एक बाई तुझ्या मुलीजवळ बसली. एवढंच. चंद्रपूरला जाऊन यायला तुला एवढंच हवं होतं, वहिनी. एवढंच हवं होतं.